कमी कर्जाचा आकडा नेमका कुणाचा?

अमेरिकेतल्या धार्मिक खासगी विद्यापीठांबद्दल वाद सुरू झाला की दोन आकडे हमखास पुढे येतात : पदवीधरांची कमाई आणि त्यांच्या डोक्यावरचं कर्ज. बहुतेक वेळा ते 'कॉलेज स्कोअरकार्ड' या सरकारी संकेतस्थळावरचे असतात. २०१५ साली ओबामा सरकारने ते मोठ्या प्रमाणावर खुलं केलं. काम मोलाचंच आहे. माझी तक्रार आहे ती आकडे वाचण्याच्या पद्धतीबद्दल.

यूटामधलं ब्रिगम यंग विद्यापीठ घ्या. ते मॉर्मन चर्चचं. सभासद आपल्या उत्पन्नाचा दहावा भाग चर्चला देतात आणि त्या पैशातून विद्यापीठाचा मोठा खर्च भागतो. म्हणून सभासद विद्यार्थ्यांना फी बरीच कमी, इतरांना दुप्पट. म्हणजे इथलं कमी कर्ज ही नुसती काटकसरीची करामत नाही. कुणीतरी ते आधीच भरलेलं आहे. स्कोअरकार्डवर हे दिसत नाही.

आता कर्जाचा आकडा कसा काढतात ते बघा. समजा, दहा पदवीधर आहेत. सात जणांनी कर्ज घेतलंच नाही. उरलेल्या तिघांवर ८, १५ आणि २० हजार डॉलर. मधला आकडा येतो १५ हजार, कारण मोजणी फक्त कर्ज घेणाऱ्यांची होते. दहाही जण धरले तर तोच आकडा शून्य! शिवाय यात सरकारी कर्जच येतं. खासगी बँकेचं किंवा मामाकडून घेतलेलं कर्ज कुठेच नाही.

कमाईचंही तसंच. सगळ्यात जास्त सांगितला जातो तो आकडा प्रवेशानंतर दहा वर्षांचा. पण अनेक मॉर्मन मुलं शिक्षण मध्येच थांबवून दोन वर्षं धर्मप्रसाराला जातात, मुली दीड वर्ष. घड्याळ मात्र चालूच राहतं. त्यात सरकारी मदत न घेतलेले विद्यार्थी वगळलेले, आणि घर सांभाळणारी, शून्य कमाईची पदवीधर आईही वगळलेली. म्हणजे एक गोष्ट आकडा खाली ओढते, दुसरी वर ढकलते. अशा आकड्यावरून 'धर्माचं शिक्षण परवडतं' किंवा 'बुडवतं' असा निकाल देणं घाईचं आहे.

पेनसिल्व्हेनियातलं ग्रोव्ह सिटी हे ख्रिस्ती कॉलेज तर सरकारी मदत घेतच नाही. त्याच्या नावापुढे आकडा नाही याचा अर्थ तिथे कर्ज नाही असा नव्हे.

तुम्ही पुण्या-नाशिकहून मुलीसाठी कॉलेज शोधत असाल तर एक लक्षात ठेवा. विद्यार्थी व्हिसावर गेलेल्यांना ही सरकारी मदत मिळत नाही, त्यामुळे तिच्यासारखी एकही मुलगी या आकड्यांत नाही. घर तारण ठेवण्याआधी विद्यापीठाला थेट विचारा : परदेशी विद्यार्थ्यांपैकी कितीजणांना नोकरी लागली, कुठे आणि किती पगारावर? उत्तर लेखी मागा.