दोन तबकड्या, दोन दास्तानगो

अमेरिकी कंट्री संगीतातल्या दोन तबकड्या आम्ही शेजारी ठेवून ऐकल्या. मार्टी रॉबिन्सची १९५९ची 'गनफायटर बॅलड्स अँड ट्रेल साँग्ज' आणि विली नेल्सनची १९७५ची 'रेड हेडेड स्ट्रेंजर'. रॉबिन्स जुन्या दास्तानगोसारखा. 'एल पासो'त मत्सर, खून, पलायन, परतणे सारे एकाच गाण्यात. आणि सांगणारा स्वतःच मरणारा! नेल्सन मात्र एकच कथा तबकडीभर पसरतो. वाद्ये मोजकी, मधल्या जागा मोकळ्या. कथनाची कला त्याचीच मोठी, असे आम्ही म्हणू. पण त्याचा पाद्री बायकोला व तिच्या प्रियकराला मारतो, पुढे घोड्याला हात लावणाऱ्या दुसरीलाही, आणि सुटतो. रॉबिन्सचा खुनी जिवाने किंमत मोजतो. पाद्र्याला शेवटी नवे प्रेम मिळते. मेलेल्या दोघींची नावेही आपल्याला कळत नाहीत.