वाडा आणि कासव : निसर्गशाळा कुठे भरवायची?

जुन्या वास्तूचं काय करायचं, याला आपल्याकडे दोनच उत्तरं मिळतात : संग्रहालय किंवा हॉटेल. तेरेखोलच्या किल्ल्यात हॉटेलच आलं. तिसरं उत्तर इंग्लंडच्या सरे परगण्यात आहे. ज्युनिपर हॉल हे तिथलं जुनं जमीनदारी घर. फ्रेंच राज्यक्रांतीतून निसटलेले उमराव १७९२-९३ च्या सुमारास इथे राहिले होते. आज तिथे फील्ड स्टडीज कौन्सिल (स्थापना १९४३) निसर्गशिक्षणाचं केंद्र चालवते. शाळेची मुलं मुक्कामाला येतात आणि आसपासच्या नदीवर, डोंगरउतारावर जाऊन शिकतात.

कल्पना उत्तम, पण अशा योजनेत एक खोट राहू शकते. निसर्ग बाहेर आणि घर म्हणजे नुसतं वसतिगृह!

आपल्याकडे तर ही फाळणी आधीच झालेली आहे. पेडण्याच्या देशप्रभूंच्या राजवाड्यावर लिहिताना चौक, पालख्या आणि व्हिस्काउंटची पदवी येते. मोरजीच्या किनाऱ्यावर फलक फक्त ऑलिव्ह रिडले कासवांबद्दल बोलतात. २०११ च्या सीआरझेड अधिसूचनेत मोरजीचं नाव कासवांच्या विणीची जागा म्हणून आहे. वारसावाले इकडे, वनखातं तिकडे.

माझा पेशा बांधकामाचा, म्हणून सांगतो : जुनं गोंयकार घर हाच निसर्गाचा धडा आहे. भिंतीचा चिरा जांभ्याचा. खाणीत मऊ, उन्हावाऱ्यात कडक होणारा. चुना शिंपले भाजून केलेला. खिडकीची तावदानंही शिंपल्यांचीच; त्या जातीचे शिंपले आजही झुआरीच्या चिखली उपसागरात मिळतात. छपरावर मंगळुरी कौलं असतील, तर ते छप्पर १८६५ नंतरचं. मंगळुरात बाझल मिशनचा कारखाना त्या साली निघाला.

आणि सर्वांत मोठा धडा जागेचा. जुनी वस्ती वाळूच्या टेकड्या सोडून, माडांच्या मागे असायची. रात्री तिचा उजेड किनाऱ्यावर पडत नसे. कासवाची पिल्लं अंड्यातून बाहेर पडली की उजळ क्षितिजाकडे धावतात. समुद्राऐवजी शॅकचे दिवे उजळ दिसले, तर ती उलटी फिरतात. कासव का वाट चुकतं, हे मुलांना जुन्या घराच्या पडवीत बसून जेवढं कळेल तेवढं फलकावरून कळणार नाही.

म्हणून कासवांसाठी काँक्रीटचं नवं केंद्र मागण्याआधी गावातलं एखादं पडायला आलेलं घर भाड्याने घ्या, दुरुस्त करा. ते विकलं जाण्याआधी घ्या, एवढंच.