गुप्तभाषा की श्रमभाषा? : अमेरिकन ट्रकचालकांच्या सिटिझन्स बँड बोलीचा पुनर्विचार

प्रस्तावना

भाषाभ्यासात प्रादेशिक बोलींची चर्चा जेवढ्या गांभीर्याने होते, तेवढ्या गांभीर्याने व्यवसायबोलींची होत नाही. एखादी व्यवसायबोली लोकप्रिय झाली, तर तिच्याकडे गमतीचा विषय म्हणून पाहण्याची प्रवृत्ती अधिकच बळावते. अमेरिकेतील लांब पल्ल्याच्या ट्रकचालकांनी सिटिझन्स बँड रेडिओवर, म्हणजे 'सीबी'वर, घडविलेली बोली हे याचे ठळक उदाहरण होय. या बोलीविषयी दोन समजुती रूढ आहेत. पहिलीनुसार ही पोलिसांना चकविण्यासाठी निर्माण झालेली गुप्तभाषा आहे. दुसरी समजूत गीते व चित्रपट यांनी पसरविली. तिच्यानुसार ही महामार्गावरील आधुनिक काउबॉयची, मुक्त माणसाची भाषा आहे. प्रस्तुत लेखात या दोन्ही समजुतींची चिकित्सा केली असून, ही बोली मूलतः श्रमभाषा आहे, असे प्रतिपादन करण्याचा प्रयत्न केला आहे.

ऐतिहासिक पार्श्वभूमी

सामान्य नागरिकांना अल्प अंतरावर बिनतारी संभाषण करता यावे, या हेतूने अमेरिकेच्या फेडरल कम्युनिकेशन्स कमिशनने १९४५ साली नागरिक रेडिओ सेवा मान्य केली. २७ मेगाहर्ट्‌झच्या परिसरातील, आज सीबी म्हणून ओळखला जाणारा पट्टा १९५८ मध्ये खुला झाला. त्यात प्रथम २३ वाहिन्या होत्या; १ जानेवारी १९७७ पासून त्या ४० झाल्या. प्रक्षेपणाची शक्ती अवघ्या ४ वॅटची असल्याने आवाज काही मैलांपलीकडे सहसा पोचत नसे. ही तांत्रिक मर्यादा पुढील विवेचनात महत्त्वाची ठरणार आहे.

या यंत्राला सामाजिक अर्थ प्राप्त झाला तो १९७३ च्या तेलसंकटामुळे. ऑक्टोबर १९७३ मध्ये अरब तेलउत्पादक राष्ट्रांनी निर्यातबंदी लादली. डिझेल महागले व दुर्मिळ झाले. २ जानेवारी १९७४ रोजी राष्ट्राध्यक्ष निक्सन यांनी स्वाक्षरी केलेल्या कायद्याने देशभर ताशी ५५ मैल, म्हणजे सुमारे ८८ किलोमीटर, ही वेगमर्यादा आली. ज्याला मैलांच्या हिशोबाने मोबदला मिळतो, त्याच्या दृष्टीने वेगमर्यादा ही थेट मिळकतीवरील मर्यादा असते. डिझेल कोठे मिळते आणि पोलीस कोठे उभे आहेत, या दोन प्रश्नांवर चालकाची रोजी अवलंबून राहू लागली, आणि त्यांची उत्तरे देण्यास समोरून येणाऱ्या दुसऱ्या चालकाइतका विश्वासार्ह कोणी नव्हता. डिसेंबर १९७३ मध्ये चालकांनी महामार्गांवर ट्रक आडवे उभे करून रस्ते अडविले. फेब्रुवारी १९७४ मध्ये मोठा संप झाला. या दोन्ही प्रसंगी एकमेकांशी संपर्क राखण्याचे काम सीबीनेच केले.

शब्दसंग्रहाचे स्वरूप

या बोलीतील शब्दांचे स्थूलमानाने तीन वर्ग पाडता येतात. पहिला वर्ग सत्तेच्या प्रतिनिधींचा. राज्य पोलिसांच्या रुंद काठाच्या टोपीचे साम्य १९४४ पासून वणवा-प्रतिबंधक मोहिमेचे बोधचिन्ह असलेल्या 'स्मोकी बेअर' या अस्वलाच्या टोपीशी आढळल्यामुळे पोलीस 'स्मोकी' किंवा नुसता 'बेअर' झाला. मग विमानातून पाळत ठेवणारा पोलीस 'बेअर इन द एअर', वेग मोजण्यासाठी लावलेला सापळा 'बेअर ट्रॅप' आणि बेफाम जाणारी मोटार 'बेअर बेट', म्हणजे अस्वलापुढचे आमिष ठरली. एका प्रतिमेतून संपूर्ण शब्दकुल कसे उपजते, याचा हा उत्तम नमुना आहे. १९७३ ते १९७८ या काळात गाजलेल्या दूरचित्रवाणी मालिकेतील 'कोजॅक' या गुप्तहेरावरून रडारधारी पोलिसाला 'कोजॅक विथ अ कोडॅक' असे सानुप्रास नाव मिळाले.

दुसरा वर्ग रस्त्याचा व कामाचा. वजनकाटा असलेले तपासणी ठाणे 'चिकन कूप', म्हणजे कोंबड्यांचे खुराडे. रिकामा ट्रेलर ओढत नेणे 'डेडहेड'. ट्रेलरविना धावणारे इंजिन 'बॉबटेल'. टायरची निखळून रस्त्यावर पडलेली साल 'अ‍ॅलिगेटर', अर्थात मगर. पाच सेंटच्या नाण्याला 'निकल' म्हणतात, म्हणून ५५ ची वेगमर्यादा 'डबल निकल' झाली. ताफ्यात सर्वांत पुढचा ट्रक 'फ्रंट डोअर', सर्वांत मागचा 'बॅक डोअर' आणि मधल्या सुरक्षित जागी असलेला चालक 'रॉकिंग चेअर'मध्ये, म्हणजे झुलत्या खुर्चीत बसलेला. हमरस्त्याला येथे घराचे रूप दिले आहे. आठवडेच्या आठवडे घराबाहेर राहणाऱ्यांनी ते दिले आहे, हे ध्यानी घेतले म्हणजे या रूपकातील विनोदाखालचा अभाव जाणवतो.

तिसरा वर्ग संभाषण-संकेतांचा. बोलण्यास वाव मागताना 'ब्रेकर वन-नाइन', होकारासाठी 'टेन-फोर', ठावठिकाणा विचारताना 'ट्वेंटी'. यांपैकी 'टेन' संकेतांचा उगम १९३० च्या दशकाच्या उत्तरार्धात खुद्द अमेरिकन पोलिसांच्या बिनतारी यंत्रणेत झाला. पोलिसविरोधी म्हणून जिची ख्याती, त्या भाषेचा व्याकरणिक कणा पोलिसांकडून घेतलेला असावा, ही विसंगती पहिल्या समजुतीला बाधक आहे.

गुप्ततेच्या सिद्धान्ताची मर्यादा

एम. ए. के. हॅलिडे यांनी १९७६ मध्ये 'अमेरिकन अँथ्रोपॉलॉजिस्ट' या नियतकालिकात 'अँटी-लँग्वेज', म्हणजेच प्रतिभाषा, ही संकल्पना मांडली. समाजाच्या कडेला असलेला प्रतिसमाज आपल्या जिव्हाळ्याच्या विषयांसाठी नवे शब्द घडवितो आणि एकाच गोष्टीसाठी अनेक शब्द वापरतो, असे त्यांचे निरीक्षण आहे. त्यासाठी त्यांनी आधार घेतलेल्या अभ्यासांत भक्तिप्रसाद मल्लिक यांनी केलेला कोलकात्याच्या गुन्हेगारी जगाच्या भाषेचा अभ्यासही होता, हे भारतीय वाचकाने आवर्जून लक्षात ठेवावे. पोलिसांसाठीच्या शब्दांची विपुलता हे लक्षण कोलकात्याच्या त्या भाषेत आणि सीबी बोलीत सारखेच दिसते. तेव्हा सीबी बोलीला प्रतिभाषा म्हणण्याचा मोह होणे स्वाभाविक आहे.

परंतु हे साम्य वरवरचे आहे. सीबीची वाहिनी कोणालाही ऐकता येत असे. पोलिसांच्या मोटारींतही सीबी संच असत, आणि या शब्दांचे कोश दुकानांत विक्रीला होते. याहून महत्त्वाचा मुद्दा तर्काचा आहे. अमुक मैलाच्या दगडापाशी 'अस्वल' उभे आहे, हा संदेश ज्याच्यापासून लपवावयाचा, त्या पोलिसाला स्वतःचे स्थान आधीच ठाऊक असते. त्याने तो संदेश ऐकल्याने चालकांचे काही बिघडत नाही. संदेशाचे मोल वेळेवर पोचण्यात आहे, लपून राहण्यात नाही. ४ वॅटच्या मर्यादेमुळे तो काही मैलांत आणि काही मिनिटांतच उपयोगी पडतो.

मग हे शब्द कशासाठी? प्रस्तुत लेखकाच्या मते त्यांची कार्ये तीन आहेत. एक, इंजिनाच्या घरघरीत व वातावरणातील खरखरीत ठरावीक शब्दसमूह ओळखणे सोपे जाते. एकाक्षरी नकाराऐवजी 'निगेटरी' असा लांब शब्द याचसाठी उपयोगी पडत असावा. दोन, चेहरा न दिसणाऱ्या वक्त्यावर विश्वास ठेवण्यासाठी त्याची भाषा हाच पुरावा असतो. 'चिकन कूप' उघडे आहे की बंद, हे सहजगत्या सांगणारा स्वतः काट्यावरून गेलेला असतो. तीन, जी सत्ता दंड करते, तिला टोपी घातलेले अस्वल म्हटल्याने दंड टळत नाही, पण तिचा धाक उतरतो. यांपैकी कोणतेही कार्य गुप्ततेवर अवलंबून नाही.

गीत, चित्रपट आणि श्रमाचा लोप

दुसऱ्या समजुतीचा उगम 'कॉन्व्हॉय' या गीतात आहे. १९७५ च्या अखेरीस प्रसिद्ध झालेले हे गीत जानेवारी १९७६ मध्ये बिलबोर्डच्या यादीत अग्रस्थानी पोचले. गायकाचे नाव सी. डब्ल्यू. मॅकॉल. तथापि मॅकॉल ही व्यक्ती नव्हतीच. ओमाहा येथील जाहिरात व्यावसायिक बिल फ्राइज यांनी पावाच्या जाहिरातींसाठी निर्माण केलेले ते पात्र होते. फ्राइज यांनी शब्द लिहिले आणि चिप डेव्हिस यांनी संगीत दिले. केवळ लेखक ट्रकचालक नव्हता म्हणून गीत खोटे ठरत नाही. फ्राइज यांचा कान तीक्ष्ण होता, बोलीची लय त्यांनी अचूक पकडली आहे. आक्षेप वेगळा आहे. या गीतात पोलीस आहेत, वजनकाटे आहेत, पथकर न भरण्याची जिद्द आहे. परंतु डिझेलचा भाव आणि मैलाचा मोबदला नाही. बंड आहे, पण बंडाचे कारण गळून पडले आहे.

सॅम पेकिनपा यांचा याच गीतावर आधारित १९७८ चा चित्रपट ही उणीव अंशतः भरून काढतो. त्यातील शेरीफ सीबीवर ट्रकचालक असल्याची बतावणी करून 'रबर डक' व त्याच्या सोबत्यांना वेग वाढविण्यास उद्युक्त करतो आणि मग त्यांच्याकडून पैसे उकळतो. भाषेवरील विश्वासाचाच येथे सापळा झाला आहे. गुप्ततेच्या सिद्धान्ताचे याहून परिणामकारक खंडन शोधूनही सापडणार नाही. कृष्णवर्णीय चालकाला तुरुंगात झालेली मारहाण दाखवून पेकिनपा सत्तेचे खरे रूपही उघड करतात. पण ताफ्याचा उद्देश काय, या प्रश्नाला नायकाचे उत्तर, चालत राहणे एवढेच आहे. १९७३ च्या चालकांनी नेमके उलट केले होते. त्यांनी ट्रक थांबविले. थांबणे हे श्रमिकाचे हत्यार आहे, धावणे हे त्याचे रोजचे काम आहे. गीत आणि चित्रपट यांनी त्याच्या कामालाच त्याचे बंड ठरविले आणि त्याच्या खऱ्या बंडाचा विसर पाडला. यापूर्वी १९७७ मध्ये आलेल्या 'स्मोकी अँड द बँडिट'मध्ये तर उरते ती केवळ पैजेची शर्यत.

या लोकप्रियतेतून लक्षावधी हौशी वक्ते सीबीवर आले. राष्ट्राध्यक्ष फोर्ड यांच्या पत्नी बेटी फोर्ड यांनीही 'फर्स्ट मामा' हे टोपणनाव घेतले. वाहिन्या गजबजल्या. ज्या बोलीमुळे बोलणाऱ्याची ओळख पटत होती, ती सर्वांच्या तोंडी झाल्याने ओळखीचे तिचे मूल्य घसरले. परवान्याची अट १९८३ मध्ये रद्द झाली, तोवर हौशी गर्दी ओसरू लागली होती.

बोलीची काळी बाजू

श्रमभाषा म्हटली म्हणजे ती निर्दोष ठरते, असे मात्र नव्हे. मोटारीतील देखण्या स्त्रीला 'सीट कव्हर' आणि ट्रकतळांवर देहविक्रय करणाऱ्या स्त्रीला 'लॉट लिझर्ड', म्हणजे तळावरील पाल, म्हणणारी ही बोली स्त्रीला वस्तू किंवा प्राणी यांच्या पातळीवर आणते. पोलिसाचे अस्वल करणे आणि देहविक्रय करणारीची पाल करणे या दोन्ही क्रिया भाषिक दृष्ट्या सारख्या असल्या, तरी नैतिक दृष्ट्या भिन्न आहेत. पहिली बलवानाला खाली खेचते, दुसरी आधीच खाली असलेलीला तुडविते. 'गुड बडी' या स्नेहवाचक संबोधनाचा पुढे समलिंगी पुरुषासाठीची शिवी म्हणून अर्थापकर्ष झाला, हेही त्याच पुरुषी बंधुभावाचे दुसरे टोक होय.

निष्कर्ष

या बोलीतील सर्वांत अर्थगर्भ शब्द कोणता, असे विचारल्यास प्रस्तुत लेखक 'कॉमिक बुक' या शब्दाकडे बोट दाखवील. चालकाने किती तास वाहन हाकले याची कायद्याने सक्तीची केलेली नोंदवही म्हणजे 'कॉमिक बुक'. त्या काळी ८ तासांच्या विश्रांतीनंतर १० तास चालविण्याची मुभा होती. माल वेळेवर पोचवावयाचा तर अनेकांना नोंदी जुळवून लिहाव्या लागत. नियम, मालकाची घाई आणि स्वतःची झोप या तिहींमध्ये सापडलेल्या माणसाने स्वतःच लिहिलेल्या वहीला चित्रकथा म्हणावे, यात त्याचा अपराध, त्याची लाचारी आणि त्याचे भान ही तिन्ही एकवटली आहेत. डिसेंबर २०१७ पासून बहुतेक ट्रकांत इलेक्ट्रॉनिक नोंदयंत्र अनिवार्य झाले आणि वही गेली. राष्ट्रव्यापी वेगमर्यादा त्याआधीच, १९९५ मध्ये, रद्द झाली होती. भ्रमणध्वनीने उरलेले काम उचलले. १९ क्रमांकाच्या वाहिनीवर अपघात, कोंडी व हवामान यांची वार्ता आजही दिली जाते, पण ती पूर्वीच्या मानाने विरळ.

तात्पर्य, ही बोली पोलिसांपासून लपण्यासाठी जन्मली नाही आणि स्वातंत्र्याचे गाणे गाण्यासाठीही नाही. मैलावर मोजल्या जाणाऱ्या श्रमातून, एकमेकांच्या खबरबातीवर जगण्याच्या गरजेतून ती घडली. ती गरज सरली तशी ती आटली. व्यवसायबोलींचा अभ्यास करताना शब्दांच्या याद्या करून आपण थांबतो. त्या याद्यांतील प्रत्येक शब्दामागे कोणाचे किती तास, किती मोबदला आणि कोणती भीती होती, हा प्रश्न विचारला, तरच त्या अभ्यासाला अर्थ प्राप्त होईल. आपल्या वर्गांतून भाषाविज्ञान शिकविणाऱ्यांनीही हा प्रश्न अभ्यासक्रमाबाहेरचा मानू नये, असे येथे नम्रपणे सुचवावेसे वाटते.