चलच्चित्रांची पाठशुद्धी

जुन्या चित्रफितींचे रूपांतर करून त्यांची प्रत सुधारणारी सॉफ्टवेअरे आता सर्वत्र सुलभ झाली आहेत. शिरूर तालुक्यातील निमोण्यासारख्या गावीही लग्नाची जुनी व्हीएचएस कॅसेट संगणकावर उतरवून घेणे अवघड राहिलेले नाही. हे काम केवळ तांत्रिक समजले जाते. वस्तुतः ते पाठचिकित्सेचे आहे, आणि त्या दृष्टीने त्याचे परीक्षण क्वचितच होते.

ह्यातील काही दुरुस्त्या निर्विवाद होत. कॅसेटीवर चित्राच्या सम व विषम ओळी १/५० सेकंदाच्या अंतराने नोंदलेल्या असतात. संगणकाच्या पडद्यावर त्या एकत्र येताच हलत्या हाताच्या कडेला कंगव्यासारखे दात उमटतात. ते काढणे म्हणजे लेखनिकाची उघड चूक सुधारणे. तसेच मूकपटाचे. हाताने दांडा फिरवून सेकंदाला सुमारे १६ चित्रे या गतीने घेतलेली फीत २४ च्या गतीने दाखविली, की राजा हरिश्चंद्रही लगबगीने धावू लागतो.

वाद सुरू होतो तो विवर्धनापाशी. व्हीएचएसमध्ये रंगाचा तपशील फार थोडा असतो. कुंकवाचा लाल रंग कपाळभर पसरतो. दूरच्या चेहऱ्याच्या पापण्या तर मुळात नोंदल्याच गेलेल्या नसतात. सॉफ्टवेअर त्या काढते, पण असंख्य परक्या चेहऱ्यांवरून अनुमान करून. आजीचे दुसरे चलच्चित्र ज्या घरी नाही, तेथे पुढील पिढी ह्या अनुमानालाच आजी समजणार.

फाळक्यांच्या ‘राजा हरिश्चंद्र’ (१९१३) ची गोष्ट अधिकच बिकट. चार रिळांपैकी पहिले व शेवटचे एवढीच उपलब्ध, आणि तीही १९१७ च्या पुनर्निर्मितीची असावीत असे काही संशोधकांचे मत आहे. त्यातील स्त्रीभूमिका पुरुषांनी केलेल्या. १९१३ ची तारामती म्हणजे अण्णा साळुंके. अशा गालांची राठ ठेवण ‘दोष’ समजून यंत्राने मऊ केली, की चित्र सुबक होते खरे, परंतु त्या काळाचा पुरावाच पुसला जातो.

भांडारकर संस्थेच्या महाभारताच्या चिकित्सित आवृत्तीत संशयित पाठाखाली नागमोडी रेघ दिलेली आढळते. सुधारलेल्या चित्रफितीत तशी रेघ नसते. नोंद आणि अनुमान एकाच तेजाने झळकतात. निदान मूळ कॅसेट व तिचे पहिले, संस्कार न केलेले रूपांतर तरी जपून ठेवावे. सुधारलेली प्रत हाती येताच कॅसेट भंगारात देण्याची घाई मात्र पुष्कळांना होते.