साफसफाईची संहिता : मराठी विकिपीडिया, नांदेड-लातूर आणि ‘म्हणे’चे स्थान

कोश ही वाचण्याची नव्हे, पाहण्याची वस्तू आहे, असे मराठी समीक्षेने जणू गृहीतच धरले आहे. केतकरांच्या महाराष्ट्रीय ज्ञानकोशाच्या तेवीस खंडांचा गौरव झाला, वाईच्या विश्वकोशाबद्दल आदराने बोलले गेले. परंतु कोशातील नोंद ही एक संहिता आहे, तिला निवेदक असतो, तिची शैली असते आणि त्या शैलीत एक मूल्यव्यवस्था दडलेली असते, या अंगाने विचार क्वचितच झाला. १ मे २००३ रोजी सुरू झालेल्या मराठी विकिपीडियाने हा विचार अपरिहार्य करून ठेवला आहे. येथे नोंद कोणीही लिहितो आणि, जे अधिक महत्त्वाचे, ती कोणीही दुरुस्त करतो. लेखनापेक्षा दुरुस्तीचा व्यवहारच मोठा असणारा हा वाङ्मयप्रकार आहे. त्यामुळे ‘साफसफाई’ या दुय्यम समजल्या गेलेल्या कृतीला येथे संहितानिर्मितीचे स्थान मिळते.

अशा सामूहिक संहितेपुढे उभे राहिले की रोलाँ बार्तच्या ‘लेखकाच्या मृत्यू’ची आठवण काढण्याचा मोह अनेकांना होतो. तो टाळलेला बरा. विकिपीडियात लेखक मेलेला नसतो, तो फक्त पानामागे गेलेला असतो. प्रत्येक लेखाला ‘इतिहास’ आहे. कोणत्या सदस्याने कोणत्या दिवशी, कोणत्या मिनिटाला कोणता स्वल्पविराम काढला, याची नोंद तेथे राहते. विश्वकोशात नोंदीखाली लेखकाचे एक नाव येते. संपादकाने त्या नोंदीचे काय केले हे वाचकाला कळत नाही. उलट विकिपीडियात लेखनाखाली नाव नाही, पण संपादनाचा माग संपूर्ण आहे. म्हणजे लेखकाचा लोप नव्हे, तर लेखकांची गर्दी, आणि त्या गर्दीला झाकणारा एक निर्नाम, सपाट स्वर, असे या संहितेचे खरे रूप आहे.

याचे जवळचे साम्य शोधायचे तर पॅरिसला जाण्याची गरज नाही. तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात म्हाइंभटाने ‘लीळाचरित्र’ सिद्ध केले ते एकट्याच्या प्रतिभेवर नव्हे. चक्रधरांच्या सहवासात आलेल्यांच्या आठवणी गोळा करून, त्या नागदेवाचार्यांपुढे ठेवून, पारखून हा ग्रंथ उभा राहिला. पुढे मूळ पोथी नष्ट झाल्यावर तो स्मरणातून पुन्हा बांधावा लागला आणि साहजिकच पाठ अनेक झाले. महानुभावांनी या अनेकत्वाचे काय केले, हे पाहण्यासारखे आहे. त्यांनी ते पुसले नाही. एखादी लीळा कोणाला निराळी आठवत असेल तर ते निराळेपण त्यांनी ‘वासना’ म्हणून नोंदवले. हिराइसा, परशरामबास, रामेश्वरबास अशा नावांनी पाठ ओळखले गेले. ज्याला श्रद्धेचा ग्रंथ म्हणावे त्यात पाठभेद उघडा ठेवला जातो, आणि ज्याला ज्ञानाचा ग्रंथ म्हणावे त्यात तो ‘इतिहास’ नावाच्या मागील दारी सरकवला जातो, हा विरोध मोठा मौजेचा आहे.

आता लातूरकडे वळू. लातूरवरील कोणत्याही परिचयपर लेखात राष्ट्रकूटांचा उल्लेख असतोच. अशा लेखाचा कच्चा खर्डा बहुधा असा असतो : ‘राष्ट्रकूट राजे स्वतःस लट्टलूरपुरवराधीश्वर म्हणवीत, हे लट्टलूर म्हणजे आजचे लातूर असे मानले जाते.’ या वाक्यात तीन पायऱ्या आहेत. अमोघवर्षाच्या काळातील लेखांत आणि पुढे सौंदत्तीच्या रट्टांच्या लेखांत आढळणारे बिरुद ही पहिली. त्या नावाचे आजच्या गावाशी अभ्यासकांनी जुळवलेले समीकरण ही दुसरी; ते आज बहुमान्य आहे, पण ते समीकरण आहे. आणि बिरुदाचा अर्थ, म्हणजे कुळाच्या मूळ स्थानाचा अभिमान, ही तिसरी. अमोघवर्षाची राजधानी मान्यखेट होती हे प्रसिद्धच आहे. आता सफाई करणारा संपादक येतो. ‘मानले जाते’ हा प्रयोग त्याला खटकतो. कोण मानते, असे तो विचारतो, आणि शैलीच्या नियमांनुसार त्याचे विचारणे योग्यच असते. उत्तर मिळत नाही म्हणून तो शब्द काढतो. दुसरा संपादक बिरुदाचा लांबलचक समास सोपा करतो. चारपाच हातांनंतर वाक्य उरते ते असे : ‘लातूर ही राष्ट्रकूटांची राजधानी होती.’ वाक्य आटोपशीर झाले आहे, शुद्धलेखनही निर्दोष आहे, आणि ते खोटे आहे. वाईट भाग हा की यांपैकी कोणीही खोटे लिहिलेले नाही.

नांदेडच्या बाबतीत हीच प्रक्रिया उलट्या दिशेने चालते. नंद राजांवरून नांदेड, नंदीच्या तपश्चर्येवरून नंदितट, अशा व्युत्पत्ती लोकांत रूढ आहेत. त्यांच्या शेजारी वाकाटक नृपती दुसरा विंध्यशक्ती याचा वाशीमचा ताम्रपट ठेवावा. त्यात ‘नांदीकड’ या स्थळाच्या उत्तर मार्गातील दानाचा उल्लेख आहे आणि हे नांदीकड म्हणजे नांदेड असे वा. वि. मिराशींनी दाखवले. सफाईदार लेखात ताम्रपट राहतो, दंतकथा जाते. इतिहास म्हणून हे बरोबर आहे. पण गावाने स्वतःच्या नावाबद्दल काय सांगितले, हीदेखील एक वस्तुस्थितीच असते. ती वस्तुस्थिती सांगण्याचे साधन मराठीजवळ आहे आणि ते फार जुने आहे : ‘म्हणे’. ‘नंदांचे राज्य येथे होते म्हणे’ या वाक्यात बोलणारा विधानाची जबाबदारी घेत नाही आणि ते विधान नाकारतही नाही. ज्ञान कोठून आले याची खूण तो क्रियापदाशेजारी ठेवून देतो. लिखित प्रमाण मराठीने या ‘म्हणे’ला ग्राम्य ठरवून ‘असे म्हटले जाते’ हा कर्मणी प्रयोग घडवला, आणि कोशाची सफाई तोही काढून टाकते. भाषेतून वासना नोंदवण्याची सोयच अशा रीतीने नाहीशी होते.

सफाईची बाजू येथे मांडलीच पाहिजे. मराठी विकिपीडियावरील व्यक्तीलेख आणि गावलेख ज्यांनी वाचले आहेत त्यांना ‘थोर’, ‘अजरामर’, ‘ख्यातकीर्त’, ‘निसर्गरम्य’ या विशेषणांचा पूर परिचित आहे. सत्कारसमारंभातील मानपत्राची भाषा तशीच्या तशी कोशात उतरते. हा पूर उपसणारे सदस्य विनामोबदला, बहुधा रात्री, कोणाच्या नजरेत न येता काम करतात, आणि त्यांच्यावाचून हा कोश वाचण्याजोगा राहणार नाही. प्रश्न त्यांच्या हेतूचा नाही. तटस्थतेची जी कल्पना इंग्रजी विकिपीडियाकडून आली ती मराठीच्या व्याकरणात बसते का, असा तो प्रश्न आहे.

एकच उदाहरण पुरे. रझाकार संघटनेचा नेता कासीम रझवी लातुरात वकिली करी, आणि त्याच प्रदेशात स्वामी रामानंद तीर्थांनी निजामाविरुद्धचा लढा उभा केला. इंग्रजीत या दोघांविषयी एकाच क्रियापदाने लिहिता येते. आदर काढायचा म्हणजे नावापुढची उपाधी काढायची, एवढेच. मराठीत आदर क्रियापदाच्या अंगात असतो. नुकत्याच येऊन गेलेल्या वाक्यातच ‘करी’ आणि ‘तीर्थांनी’ यांच्यामध्ये निवाडा होऊन गेला आहे. रझवी ‘होता’ आणि स्वामीजी ‘होते’. दोघांनाही ‘होते’ लिहावे तर हैदराबाद मुक्तिसंग्रामाची स्मृती जपणाऱ्या घरांना ते सहन होणार नाही. दोघांनाही ‘होता’ लिहावे तर मराठी वाचकाला ते असभ्य वाटेल. या भाषेत तटस्थ पुरुष नाही. तेव्हा तटस्थ दृष्टिकोनाचा नियम पाळतो असे म्हणणारा प्रत्येक संपादक प्रत्यक्षात कोणाला अनेकवचन द्यावयाचे हे ठरवीत असतो.

पुराव्याचा प्रश्न याहून जड आहे. ‘संदर्भ हवा’ ही खूण सर्व गावांना सारखीच लावली जाते. पण गावे पुराव्याच्या बाबतीत सारखी नाहीत. मुंबई इलाख्यातील जिल्ह्यांचे गॅझेटिअर एकोणिसाव्या शतकातच तयार झाले. पुणे जिल्ह्याच्या वाट्याला तर तीन जाडजूड भाग आले. कोणत्या टेकडीवर कोणते देऊळ, कोणत्या पेठेत कोणती घरे, सारे छापून झाले. निजामाच्या राज्यात असलेल्या नांदेड आणि उस्मानाबाद जिल्ह्यांना त्या तोडीचे काही मिळाले नाही. दप्तर होते ते फारसीत आणि नंतर उर्दूत, आणि होते हैदराबादेत. मराठवाड्यातील आजचा तरुण संपादक ज्या लिपीत आपल्या तालुक्याचे दप्तर आहे ती लिपी बहुधा वाचू शकत नाही. त्यामुळे पुण्यातील एखाद्या वाड्याविषयीचे वाक्य टिकते आणि कंधार किंवा औसा तालुक्यातील गढीविषयीचे, बारवेविषयीचे वाक्य उडते. नियम समान, परिणाम विषम. सप्टेंबर १९४८च्या लष्करी कारवाईनंतर मुसलमान वस्तीवर जे ओढवले त्याचा तपास करणाऱ्या सुंदरलाल समितीने सर्वाधिक झळ पोहोचलेल्या जिल्ह्यांत उस्मानाबाद आणि नांदेड यांची गणना केली होती. तो अहवाल कित्येक दशके अप्रकाशित राहिला. त्या साऱ्या काळात कोशाच्या कसोटीवर ही घटना ‘संदर्भ हवा’ एवढीच होती. घराघरांत मात्र ती ठाऊक होती. आणि रझाकारांनी जाळलेल्या गावांच्या आठवणीही पुष्कळशा घराघरांतच आहेत. दोन्ही बाजूंच्या वासना छापील पुराव्याच्या बाहेर राहिल्या.

मौखिक स्मृतीला संदर्भाचा दर्जा द्यावा काय, याचा एक प्रयोग २०११ साली अचल प्रभला यांनी भारतात आणि दक्षिण आफ्रिकेत करून पाहिला. मलयाळम, हिंदी आणि सेपेडी भाषांतील लेखांसाठी लोकांच्या मुलाखती ध्वनिमुद्रित करून त्यांचाच आधार देण्यात आला. त्यावर आक्षेप आले, आणि ते पोकळ नव्हते. मुलाखत घेणारा स्वतःच पुरावा निर्माण करतो, ही अडचण खरी आहे. म्हाइंभटापुढेही तीच अडचण होती. त्याच्याजवळ मात्र नागदेवाचार्य होते, आणि निराळी आठवण निराळी म्हणून लिहिण्याची मुभा होती.

नावांच्या सफाईत यंत्र शिरते. मराठी विकिपीडियाने यंत्रचालित संपादकाला ‘सांगकाम्या’ हे नाव दिले आहे, आणि परिभाषा घडवणाऱ्याच्या विनोदबुद्धीला दाद दिली पाहिजे. सांगितले तेवढेच करणारा, पुढचामागचा विचार न करणारा. लातूर जिल्हा ऑगस्ट १९८२मध्ये उस्मानाबाद जिल्ह्यातून वेगळा झाला. २०२३ साली उस्मानाबादचे अधिकृत नाव धाराशिव झाले. आता जुने नाव दिसेल तेथे नवे घालावे असा हुकूम दिला, तर १९८२ सालचे वाक्यही बदलेल आणि तेव्हा अधिकृत दप्तरात नसलेल्या नावाच्या जिल्ह्यातून लातूर जन्माला येईल. धाराशिव हे नाव जुने आहे, ते गावकऱ्यांच्या तोंडी होते, हे सारे खरे. पण कोशातील वाक्याला साल जोडलेले असते, आणि साल जोडलेले नाव त्या सालाचे असावे लागते. मराठवाड्यात नाव ही कधीच केवळ लिपीची बाब नव्हती. विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव १९७८ साली विधिमंडळात संमत झाला, तेव्हा याच प्रदेशातील दलित वस्त्यांवर हल्ले झाले. १४ जानेवारी १९९४ रोजी नामविस्तार झाला आणि त्याच वर्षी नांदेडला स्वामी रामानंद तीर्थांच्या नावाचे दुसरे विद्यापीठ निघाले. ‘नामांतर’ आणि ‘नामविस्तार’ या दोन शब्दांमधील अंतरात सोळा वर्षे आणि कित्येक माणसांचे प्राण आहेत. पुनरुक्ती टाळावी म्हणून त्यांतील एकाच्या जागी दुसरा घालणारा संपादक शैली सुधारतो आणि आशय मोडतो.

परिभाषेतील दुसरा शब्द ‘चावडी’. कोशाच्या सामाईक चर्चेच्या पानाला हे नाव आहे. नवशिक्याच्या सरावाच्या पानाला ‘धूळपाटी’ म्हटले आहे, तेही त्याच जुन्या गावगाड्यातून आले आहे. देशी शब्द म्हणून त्यांचे स्वागत झाले. पण देशीपणाला जातही असते, हे देशीवादाच्या चर्चेत पुष्कळदा निसटते. चावडीवर कोण बसे, कोण पायरीखाली उभा राही, धूळपाटीवर अक्षरे काढण्याचा अधिकार कोणाच्या मुलाला होता, हे नांदेड-लातूरकडील वाचकाला सांगावे लागत नाही. ‘कोणीही संपादन करू शकतो’ या वचनाखाली हा शब्द ठेवला की वचनाला अभावितपणे एक टीप जोडली जाते.

शेवटी किल्लारी. ३० सप्टेंबर १९९३, गणेशविसर्जनानंतरची पहाट, चारचा सुमार. मृतांचा आकडा कोठे आठ हजारांच्या आसपास, कोठे दहा हजारांच्या जवळ दिला जातो. तीव्रताही मापनपद्धतीनुसार ६.२ ते ६.४ अशी बदलते. माहितीचौकटीत मात्र एका रकान्यात एकच आकडा शोभतो, आणि सफाईचा कल नेहमी एका आकड्याकडे असतो. शीर्षकाचेही तसेच आहे. इंग्रजीत हा लातूरचा भूकंप, मराठीत किल्लारीचा. सास्तूर तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात होते. तेही जमीनदोस्त झाले, आणि दोन्ही नावांच्या बाहेर राहिले. बावन्न गावे नव्या जागी वसवली गेली. त्यांतील प्रत्येक गावाचा लेख लिहिताना एक साधा पेच उभा राहतो : जुनी पांढरी आणि नवे पुनर्वसित गाव हा एक लेख, की दोन? अक्षांश-रेखांश कोणाचे द्यावयाचे? जेथे आज लोक राहतात त्या जागेचे दिले की जुन्या वेशीचा पत्ता नकाशावरून जातो. दोन्ही दिले तर चौकट बिघडते, आणि कोणीतरी ती सफाईसाठी नोंदवतो.