नायिका : पक्षकार की मुद्देमाल?

ज्या वाचनालयाच्या कार्यकारिणीचा प्रस्तुत लेखक गेली काही वर्षे सभासद आहे, तेथे मागील महिन्यात एक तक्रार आली. बालविभागात ‘वंडर वुमन’च्या चित्रकथांचा एक इंग्रजी संग्रह आहे. त्यातील नायिकेचा पोशाख मुलांच्या दृष्टीस पडावा असा नाही, सबब ते पुस्तक काढून टाकावे आणि पुढील खरेदीसाठी काही नियम करावा, अशी एका सभासदांची सूचना होती. सूचना सद्हेतूने केलेली होती यात शंका नाही. नियमाचा मसुदा करण्याचे काम, वकील म्हणून, अर्थातच माझ्याकडे आले.

ज्याविषयी लिहावयाचे ते आधी वाचावे, या साध्या शिस्तीने मी ते पुस्तक घरी आणले. आणि त्याच फळीवर शेजारी असलेला ‘स्पायडर-मॅन’च्या जुन्या कथांचा संग्रहही आणला. या संग्रहात १९७३ सालची एक प्रसिद्ध कथा आहे. नायकाची प्रेयसी ग्वेन स्टेसी हिला खलनायक पळवून नेतो आणि पुलावरून खाली लोटतो. नायक तिला आपल्या जाळ्याच्या तंतूने झेलतो, परंतु ती वाचत नाही. ग्वेनच्या अंगात कोट आहे; तिच्या पोशाखाला कोणीही हरकत घेऊ नये. पुलावर आणल्यापासून ती बेशुद्ध आहे आणि तिच्या तोंडी एकही शब्द नाही. तिच्या मरणाला जो काही अर्थ आहे तो नायकाच्या दुःखात आणि त्याच्या सूडबुद्धीत आहे. उलट, उघड्या दंडांची वंडर वुमन स्वतः निर्णय करते, लढते, चुकते आणि बोलते. तक्रार आली ती वंडर वुमनविरुद्ध. ग्वेनविषयी कोणाचेच काही म्हणणे नव्हते. आणि खरे सांगावयाचे तर लहानपणी ही कथा वाचली तेव्हा माझेही नव्हते.

न्यायालयाच्या दालनात पक्षकार असतो, तसाच टेबलावर मुद्देमालही असतो. लाखेची मोहर केलेला कोयता, रक्ताळलेला सदरा. मुद्देमालाविषयी सर्वजण बोलतात. तो स्वतः बोलत नाही. खटल्याला त्याची नितांत आवश्यकता असते, तथापि निकालाशी त्याला कर्तव्य नसते. चित्रकथांतील आणि व्हिडिओ गेममधील स्त्रीचे चित्रण तपासताना, ती पक्षकार आहे की मुद्देमाल, हा प्रश्न मला तिच्या वस्त्रांच्या लांबीपेक्षा अधिक महत्त्वाचा वाटतो.

मला जो नियम लिहावयास सांगितला होता, तो अमेरिकेत एकदा लिहिला गेला आहे. चित्रकथांमुळे मुले बिघडतात अशी ओरड तेथे झाली. डॉ. फ्रेडरिक वर्थम या मानसोपचारतज्ज्ञाचे पुस्तक १९५४ साली निघाले आणि त्याच वर्षी प्रकाशकांनी आपणहून एक आचारसंहिता स्वीकारली. स्त्रियांची चित्रे वास्तव असावीत, शरीराच्या कोणत्याही भागाची अतिशयोक्ती नसावी, असे एक कलम तीत होते. घटस्फोट हा विनोदाचा विषय करू नये, तो इष्ट आहे असे दाखवू नये, असेही एक होते. मसुदा म्हणून ही कलमे नेटकी आहेत. परंतु त्यांच्या छत्राखाली काय निपजले ते पाहावे. १९५६ साली ‘बॅटवुमन’ आली. तिचा पोशाख अंगभर होता. तिची शस्त्रे म्हणजे पर्समधील पावडरचा पफ, लिपस्टिक आणि केसांची जाळी! तिच्या पहिल्याच कथेच्या अखेरीस बॅटमॅन तिला समजावतो की तुझी ओळख मला कळली तशी ती गुन्हेगारांनाही कळेल, तेव्हा हा उद्योग सोड. आणि ती सोडते. संहितेच्या एकाही कलमाचा येथे भंग होत नाही. स्त्रीचे शरीर मर्यादेत आले आणि तिचे कर्तृत्वही त्याच मापाने आखडले. प्रकाशक एकामागून एक बाहेर पडत गेले आणि २०११ साली ही संहिता संपुष्टात आली.

ज्या वंडर वुमनवर आमच्या सभासदांचा रोष आहे, तिचा जनक आमच्याच व्यवसायाचे शिक्षण घेतलेला होता, हे कळल्यावर मला मौज वाटली. विल्यम मोल्टन मार्स्टन हा हार्वर्डचा १९१८ सालचा कायद्याचा पदवीधर. पुढे मानसशास्त्राचा पंडित. त्याची पत्नी एलिझाबेथ हीदेखील त्याच वर्षीची कायद्याची पदवीधर. रक्तदाबावरून खोटे ओळखण्याची एक चाचणी मार्स्टनने काढली होती. वॉशिंग्टनमधील फ्राय नावाच्या खुनाच्या आरोपीच्या बाजूने ती न्यायालयापुढे आणण्याचा प्रयत्न झाला. १९२३ साली वरिष्ठ न्यायालयाने ठरविले की, ज्या पद्धतीला त्या शास्त्राच्या जाणकारांत सर्वसाधारण मान्यता मिळालेली नाही, तिच्यावर आधारलेली तज्ज्ञाची साक्ष घेता येणार नाही. पुढे कित्येक दशके अमेरिकेतील न्यायालये हा दंडक पाळीत होती. १९४२ साली याच मार्स्टनने आपल्या नायिकेच्या हाती एक पाश दिला. त्यात सापडलेल्याला प्रारंभी तिची आज्ञा पाळावी लागे; पुढे त्याला खरेच बोलावे लागते अशी त्या पाशाची ख्याती झाली. न्यायालयाने ज्याची साक्ष नाकारली, त्याने एका स्त्रीकडून जगाची उलटतपासणी करविली, असे म्हणण्याचा मोह होतो.

मार्स्टन निर्दोष होता असे मात्र नव्हे. त्याच्या कथांत साखळदंड आणि बंधने इतकी आहेत की त्याच्या हयातीतच त्यांवर आक्षेप आले. बंधने तोडणारी स्त्री दाखविण्यासाठी आधी ती बांधलेली दाखवावी लागते, हा युक्तिवाद काही अंशी खरा आहे. परंतु तिला बांधण्याची हौस तोडण्यापेक्षा अधिक दिसू लागली की वाचकाला शंका येणारच. तरीही तिच्या कथेत ती पक्षकार होती. इतरांच्या हाती गेल्यावर काय झाले? १९४२ साली वीरांच्या एका मंडळात तिला घेण्यात आले, ते चिटणीस म्हणून! वीर मोहिमेवर निघत आणि ती अनेकदा मागे राहून दप्तर सांभाळीत असे. ज्यांनी लोटलीच्या मारियो मिरांडांची मिस फोन्सेका पाहिली आहे, त्यांना हे टेबल ओळखीचे वाटेल. मारियोंची रेषा मला अतिशय प्रिय आहे. पण मिस फोन्सेकाला पाहून कचेरीतील पुरुषांना काय वाटते हे आपणांस नेमके ठाऊक आहे आणि तिला त्या कचेरीविषयी काय वाटते हे फारसे ठाऊक नाही, हे मान्य करावे लागते.

१९६८ साली वंडर वुमनची सर्व शक्ती काढून घेण्यात आली. आधुनिक स्त्री दाखवावी या हेतूने तिला कपड्यांचे दुकान दिले आणि मार्गदर्शनासाठी एक वृद्ध पुरुष गुरू दिला. १९७२ साली ‘मिझ’ या स्त्रीवादी मासिकाने तिला मूळ रूपात मुखपृष्ठावर आणले आणि पुढील वर्षी तिची शक्ती परत आली. लक्षात घेण्यासारखी गोष्ट ही की, या स्त्रियांनी मागितली ती तिची शक्ती. तिच्या पोशाखाविषयीचा वाद त्यांनी पुढे केला नाही.

ग्वेनची कथा अपवाद असती तर हा लेख लिहावयाचे कारण नव्हते. १९९४ साली ‘ग्रीन लँटर्न’च्या एका अंकात नायक घरी येतो आणि त्याच्या प्रेयसीचे प्रेत त्याला शीतकपाटात सापडते. नायकाला त्वेष यावा एवढेच त्या मरणाचे प्रयोजन. गेल सिमोन या वाचक असलेल्या स्त्रीने १९९९ साली अशा मारलेल्या, विकलांग केलेल्या, शक्ती हिरावलेल्या नायिकांची एक यादी प्रसिद्ध केली आणि तिला त्या शीतकपाटाचेच नाव दिले. ती यादी म्हणजे एक प्रकारची मुद्देमालाची पावतीच होय. तीत बार्बरा गॉर्डन आहे. बार्बरा ही ग्रंथपाल आणि ‘बॅटगर्ल’. १९८८ सालच्या ‘द किलिंग जोक’मध्ये तिला गोळी लागते, ती कायमची अपंग होते, आणि कथा पुढे चालते ती तिच्या पित्याच्या आणि बॅटमॅनच्या मनःस्थितीची. परंतु १९८९ मध्ये किम येल आणि जॉन ऑस्ट्रँडर या लेखक दांपत्याने तिला चाकांच्या खुर्चीत बसवून ‘ऑरॅकल’ या नावाने परत आणले. ग्रंथपालाची तिची विद्या आता तिचे शस्त्र झाली; तिच्या माहितीवाचून इतर वीरांचे पान हालेना. तीच इजा, तीच स्त्री. फरक एवढाच की तिला विचारण्यात आले. पुढे सिमोन स्वतः लेखिका झाली आणि वंडर वुमन व बार्बरा या दोघींच्याही कथा तिने लिहिल्या.

व्हिडिओ गेममध्ये प्रश्न आणखी गुंतागुंतीचा होतो, कारण तेथे वाचक नुसता वाचीत नाही, तो खेळतो. १९८१ सालच्या ‘डाँकी काँग’मध्ये वानराने पळविलेली स्त्री वरच्या मजल्यावर उभी राहून मदतीसाठी ओरडते. तेथे ती बक्षीस आहे, वाद नाही. १९८६ सालच्या ‘मेट्रॉइड’ची गोष्ट अधिक बोधप्रद आहे. सॅमस नावाचा चिलखतधारी वीर एकट्याने शत्रूचा नाश करतो. इंग्रजी माहितीपुस्तिकेतही त्याचा उल्लेख पुल्लिंगी आहे. खेळ लवकर संपविला तर अखेरीस शिरस्त्राण उतरते आणि तो वीर स्त्री आहे हे कळते. एवढ्यावर थांबते तर किती सुंदर झाले असते! पण खेळणारा तीन तासांच्या आत संपवील तर चिलखतही उतरते आणि एका तासाच्या आत संपवील तर आणखी वस्त्रे उतरतात. सारा खेळभर जी पक्षकार होती, तिला शेवटच्या क्षणी मुद्देमाल करून विजेत्याच्या स्वाधीन केले जाते.

१९९६ सालच्या ‘टूम रेडर’मधील लारा क्रॉफ्ट धीट, विदुषी, स्वतंत्र, पण तिची आकृती अशी की १९५४ च्या संहिताकारांना मूर्च्छा यावी. खेळणारा तिच्या मागे उभा असतो आणि तिचे हातपाय चालवितो. जणू तिने त्याच्या नावे कुलमुखत्यारपत्रच लिहून दिले आहे. २०१३ साली ऱ्हियाना प्रॅचेट या लेखिकेच्या साहाय्याने तिला नव्याने घडविण्यात आले. पोशाख बदलला, प्रमाण सुधारले. तरी खेळ येण्यापूर्वी, २०१२ साली, त्याच्या निर्मात्यांपैकी एकाने मुलाखतीत सांगितले की खेळणाऱ्याला आपण लारा आहोत असे वाटत नाही, तर तिचे रक्षण करावे असे वाटते. आमच्या भाषेत याला अज्ञान पालनकर्ता म्हणतात. मुखत्यार गेला आणि पालक आला. सज्ञान होण्याचे राहूनच गेले! सुदैवाने प्रत्यक्ष खेळ त्या मुलाखतीहून सरस आहे. त्यातील लारा आपल्या मैत्रिणीला सोडविण्याचा निश्चय स्वतः करते आणि तो तडीस नेते.

कायद्याची नजरही वस्त्रांवरच अडते, याचे एक उदाहरण आहे. कॅलिफोर्नियाने अज्ञान मुलांना हिंसक व्हिडिओ गेम विकण्यास केलेली बंदी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली ७ विरुद्ध २ मतांनी रद्द केली. भिन्न मत देणाऱ्या न्यायमूर्ती ब्रेयर यांनी विचारले की, १३ वर्षांच्या मुलाला नग्न स्त्रीचे चित्र विकणे गुन्हा ठरावा, पण ज्या खेळात तो स्त्रीला बांधून, तिचे तोंड बंद करून, छळ करून मारतो तो विकण्यास संरक्षण मिळावे, यात अर्थ काय? बंदी योग्य होती की नव्हती या वादात मी येथे शिरत नाही. परंतु प्रश्न बिनतोड आहे.

हे सारे दूरच्या देशांचे आहे, असे कोणी म्हणेल. गोव्यात आम्ही एका गोष्टीचा अभिमान बाळगतो: पतीपत्नींच्या समाईक स्थावराची विक्री पत्नीच्या संमतीवाचून होत नाही. त्या संमतीच्या सह्या मी अनेक वर्षे पाहतो आहे. कित्येकदा कागदाचे बोलणे आधीच झालेले असते. बाईला बोलावतात, बोट ठेवून जागा दाखवितात, ती सही करते. दस्तऐवजात ती पक्षकार असते. तिचे काय म्हणणे आहे, हे मीही प्रत्येक वेळी विचारले असे छातीवर हात ठेवून सांगता येणार नाही. ज्या मुलाने लहानपणी ग्वेनची कथा वाचून तिच्या मौनाची दखल घेतली नाही, तोच मोठेपणी त्या टेबलाशी बसलेला होता.

आपल्याकडेही बोलणारी नायिका आहे आणि ती मुलांच्या फळीवरच आहे. अनंत पै यांनी १९६७ साली सुरू केलेल्या ‘अमर चित्र कथे’त सावित्री आहे. आपण तिला पातिव्रत्यासाठी वंदन करतो. पण कथा नीट वाचली तर ती यमाशी वाद घालणारी स्त्री दिसते. ती यमाकडून आधी पुत्रांचा वर घेते आणि मग पतीवाचून तो वर कसा फळणार, असे विचारते. प्रतिपक्षाला त्याच्याच वचनाने बांधणे यासारखा उत्तम युक्तिवाद नाही. मुलींना वडाच्या फेऱ्यांबरोबर हेही सांगितले पाहिजे.

मी नियमाचा मसुदा केला नाही. वयोमानाप्रमाणे पुस्तकांची विभागणी अवश्य करावी. तो स्वतंत्र प्रश्न आहे आणि त्यासाठी ग्रंथपालाचा विवेक पुरेसा आहे. दिवाणी दाव्यात न्यायालय आधी मुद्दे काढते. तसे तीन मुद्दे मी कार्यकारिणीपुढे ठेवणार आहे. या कथेतील स्त्रीला स्वतःचे असे काही हवे आहे काय? तिच्या निर्णयाने कथेची दिशा बदलते काय? आणि तिच्यावर अन्याय झाला, तर फिर्याद तिची असते की दुसऱ्या कोणाची? हे प्रश्न पुस्तके काढून टाकण्यासाठी नाहीत, मुलांना विचारण्यासाठी आहेत. आमच्या वाचनालयात शनिवारी मुले जमतात. पुलावर ग्वेन शुद्धीवर आली असती तर काय म्हणाली असती, काय केले असते, हे त्यांनी लिहावे, असे मी सुचविणार आहे.

दोन्ही पुस्तके मी येत्या बैठकीत परत करीन. ती पूर्वीप्रमाणे एकाच फळीवर, शेजारी शेजारी राहावीत, एवढीच माझी विनंती राहील.