जागा दाखवा

नागपूरच्या इतवारीत मामांचं कापडाचं दुकान होतं. वरच्या माडीवर, दुकान बंद असायचं त्या दुपारी, चार-पाच जण रेकॉर्डी ऐकायला जमायचे. मखमलीच्या कटपीसनं तबकडी पुसायची, सुई उडू नये म्हणून दांडीवर चार आण्याचं नाणं ठेवायचं आणि बाजू संपेपर्यंत कोणी तोंड उघडायचं नाही. एलपीची एक बाजू म्हणजे वीस-बावीस मिनिटं. मग चहा, आणि चहाबरोबर भांडण.

एकदा किशोरी आमोणकरांचा भूप लागला होता. त्या तबकडीच्या एका बाजूला भूप, दुसऱ्या बाजूला बागेश्री. बाजू संपली तसे धान्यबाजारातले एक अडते म्हणाले, "हा भूप नाही राहिला. धैवतावर एवढं थांबल्यावर देशकारच झाला नं." आक्षेप साधा नव्हता. दोन्ही रागांचे सूर तेच पाच. गंधाराला मान दिला की भूप, धैवताला दिला की देशकार. मामा एवढंच म्हणाले, "जागा दाखव नं भाऊ. नुसतं काय बोलून राहिला?"

अडते उठले, तबकडीवर वाकले, उजेडात रेघा न्याहाळून सुई ठेवली. चुकली. पुन्हा ठेवली. तिसऱ्यांदा ती जागा सापडली आणि सगळ्यांनी ती दोनदा ऐकली. मग तेच म्हणाले, "नाही, उतरते. गंधारावर येते. भूपच आहे, पण अगदी काठावर उभा आहे." हरल्याची भावना त्यांच्या चेहऱ्यावर नव्हती. 'काठावर उभा' ही त्या गाण्याबद्दलची मी ऐकलेली सर्वांत नेमकी समीक्षा, आणि ती सुई तीनदा उचलल्यामुळे सापडली.

'जागा' हा शब्द आपल्याकडे किती कामाचा आहे! गाणारा जागा घेतो, ऐकणारा जागेवर दाद देतो. संगीताविषयीचं मत या शब्दापासून सुरू व्हायला हवं. आज ते तसं होतं का, हे तपासण्यासाठी हा लेख.

मराठीत या भांडणाला लेखी शिस्त लावली ती वऱ्हाडात जन्मलेल्या माणसानं. केशवराव भोळे अमरावतीचे. प्रभात कंपनीचे संगीतकार म्हणून ते सर्वांना माहीत आहेत. पण 'एकलव्य' या टोपणनावानं त्यांनी त्या काळच्या नामवंत गायकांवर जे लेख लिहिले, ते त्यांचं मोठं काम मी मानतो. आवाजाचा लगाव, लय, शब्दोच्चार यांवर बोट ठेवून, मोठ्या नावाचा मुलाहिजा न ठेवता ते लिहीत. पुढे 1961 साली वामनराव देशपांड्यांचं 'घरंदाज गायकी' आलं. देशपांडे पेशानं चार्टर्ड अकाउंटंट होते. ऐकणाऱ्यानं कान तयार केला तर तो घराण्यांची मांडणी करू शकतो, हे त्या पुस्तकानं दाखवून दिलं. आमच्या माडीवरची मंडळी त्याच जातीची होती, लिहीत नव्हती इतकंच.

मग कॅसेट आली. टी-सीरिजच्या स्वस्त कॅसेटी घराघरांत गेल्या आणि गाणं गरिबाच्या घरी पोहोचलं, याचा आनंदच आहे. पण त्याबरोबर दुकानदाराकडून आवडीची गाणी भरून घेण्याची सवय लागली. एमपीथ्रीच्या एका डिस्कमध्ये शंभर-दीडशे गाणी मावू लागली आणि अल्बमचा क्रम मोडला. 1974 साली आलेला 'शिवकल्याणराजा' आठवा. राज्याभिषेकाला तीनशे वर्षं झाली तेव्हाचा तो अल्बम, हृदयनाथांचं संगीत, लताबाईंचा आवाज. तो सलग ऐकायचा ऐवज आहे. त्यातलं एखादं गाणं रिमिक्स आणि भजनाच्या मधे ऐकणाऱ्याशी त्या अल्बमवर वाद घालता येत नाही, कारण त्यानं अल्बम ऐकलेलाच नसतो.

आज प्रत्येक फोनमध्ये गाण्याचा एखादा ग्रुप असतो. मतं पूर्वी कधी नव्हती इतकी मांडली जातात, पण त्यांचे शब्द पाहा: 'अप्रतिम', 'अंगावर काटा', 'उगाच डोक्यावर घेतलंय', 'आता तसं गाणं राहिलं नाही'. यातलं एकही वाक्य तपासता येत नाही. जे तपासता येत नाही त्याच्याशी वाद कसा घालायचा? म्हणून मग माणसाशी वाद होतो. घराणं, जात, वय, पुण्याचा की विदर्भाचा, असं सगळं निघतं. गाणं निघत नाही.

सुरेश भटांच्या गझला हा आमच्याकडचा कायमचा विषय. भट अमरावतीचे आणि पुढे नागपूरचे, त्यामुळे इथं प्रत्येकाचं मत ठाम. हृदयनाथांच्या अवघड, वळणावळणाच्या चालीत शेर हरवतो, असं एक बाजू म्हणते. दुसरी म्हणते, त्या चालीनंच शब्दांना खोली दिली. आमच्या ग्रुपवर हा वाद अनेकदा पेटला आणि कडवटपणे विझला. गेल्या पावसाळ्यात एका विद्यार्थिनीनं मात्र तीन लिंका टाकल्या, प्रत्येकीपुढे मिनिट आणि सेकंद. दोन हृदयनाथांच्या चालींच्या, एक भीमराव पांचाळ्यांची. पांचाळे पहिली ओळ मुशायऱ्यासारखी फिरवून फिरवून म्हणतात आणि मग काफिया टाकतात; चालीत तो काफिया तानेच्या आधी येतो की नंतर, एवढंच ऐका, असं तिनं लिहिलं. दोन दिवस सगळे खरोखर ऐकत होते. माझं स्वतःचं मत त्यात थोडं हललं. शेर पोहोचवण्यात पांचाळे सरस, हे मला मान्य करावं लागलं. गाणं म्हणून मी अजूनही हृदयनाथांकडेच आहे.

एका बाबतीत मात्र आमच्या रसिकांना दोष द्यावाच लागेल. दसऱ्याला दीक्षाभूमीवर जा. पुस्तकांच्या शेजारी भीमगीतांचे स्टॉल लागतात. वामनदादा कर्डकांचं एकच गीत वेगवेगळ्या गायकांच्या आवाजात शेजारी-शेजारी वाजतं, आणि घेणारा उभा राहून सांगतो की हा नको, तो लाव, यात शब्द कळत नाहीत. जागा दाखवून निवड करणारा तो श्रोता आहे. आमच्या संगीतसमीक्षेनं त्याच्याकडे आणि त्या अल्बमांकडे जवळजवळ पाहिलंच नाही. नागपुरात राहून ही चूक करणं अक्षम्य आहे.

मुंबईत 1990 साली रेकॉर्ड संग्राहकांची संस्था स्थापन झाली. त्यांनी बैठकी घेतल्या, नियतकालिक चालवलं, जुन्या तबकड्यांची माहिती जपली. हे ऋण मोठं आहे. मात्र संग्राहकांचं बोलणं साहजिकच लेबल, नंबर आणि सालाकडे झुकतं. गाणं चांगलं का, हा प्रश्न ऐकणाऱ्यांनीच लावून धरायचा असतो.

माडीवर सुई ठेवताना तीनदा चूक व्हायची आणि तबकडीवर ओरखडा पडायची भीती असायची. आता बोटानं रेघ सरकवली की नेमका सेकंद मिळतो. एवढं सोपं साधन आमच्या अडत्यांना मिळालं असतं तर त्यांनी रात्र जागवली असती. म्हणून वाचकांना विनंती आहे: या आठवड्यात एक अल्बम पहिल्यापासून शेवटपर्यंत, क्रमानं ऐका. ज्याच्याशी तुमचं पटत नाही अशा एकाला तो पाठवा, आणि सोबत मत लिहिण्याआधी मिनिट आणि सेकंद लिहा.